चिंचोका

सोसायटी पाडायची ठरली, तेव्हापासून
विद्याधर माळ्यावर आणि मी स्टुलाशी.
तो वरून देतो, मी खाली ठरवते.
ढीग तीन: न्यायचं, द्यायचं, शकीलच्या काट्यावर.
चौथा कुणी केला नाही, आपोआप झाला,
सोफ्याच्या मागे, पायाने सरकवत सरकवत.

सहकारनगरातल्या या दोन खोल्यांत
एवढं मावलं कसं, ते बिल्डरलाही सांगता येणार नाही.
लक्ष्मी रोडच्या दुकानांच्या कापडी पिशव्या,
एकीत एक, एकीत एक, शेवटच्या पिशवीत एक रबरबँड.
ऋत्विजचा पहिला दात, फिल्मच्या रिकाम्या डबीत;
हलवला की अजून वाजतो.
सासऱ्यांची कवळी. (दात आणि कवळी एकाच खोक्यात,
यात विद्याधरला काहीच गंमत वाटली नाही.)
चेतकची जादा किल्ली. चेतक विकली दोन हजार चारला,
किल्ली द्यायची राहिली, घेणाऱ्यानेही मागितली नाही.

विद्याधरचं सगळं फायलीत.
एक्क्याण्णवपासूनची वीजबिलं, महिन्यावार, भोकं पाडून.
खोक्यावर मार्करने ठळक: कामाचे.
माझ्या वस्तूंना तो पसारा म्हणतो,
रागाने नाही, बारशाला नाव ठेवावं तसं.

मग ती काडेपेटी.
आत कापूस, कापसात एक चिंचोका,
एका बाजूने घासून पांढरा केलेला,
आणि चिठ्ठी. अक्षर माझं, शाई हिरवी:
'जपून ठेव. का, ते तुला माहीत आहेच.'

मला माहीत नाही.

हिरवं पेन माझ्याकडे एकच वर्ष होतं, सत्त्याऐंशी.
तेव्हा मी एक्स्चेंजमध्ये, ट्रंक बोर्डावर.
सोलापूर बोला. इचलकरंजी बोला.
तीन मिनिटं झाली, वाढवायची का?
कुणाची बाळंतपणं, कुणाची मयत, कांद्याचा भाव,
सगळं या उजव्या कानातून पलीकडे गेलं.
आणि आता ही पंचविशीतली मुलगी
केवढ्या भरवशाने मलाच फोन लावतेय,
आणि मला नुसती खरखर ऐकू येते.

चिंचा आठवून पाहिल्या.
तळजाईच्या वाटेवरची? कात्रजच्या उतारावरची?
कुणाशी डाव मांडला होता का? हरले होते?
जिंकले असते तर एकच कशाला ठेवला असता.
दाताखाली धरून पाहिला. चव नाही.

प्रफुल्लाला फोन केला, विमाननगरला.
म्हणाली, चिंचोक्याचं काही सांगता येत नाही गं,
पण त्या वर्षी तू फार हसायचीस.
धारवाडकरबाईंनी तुला मेमो दिला होता,
लाइनवर हसल्याबद्दल. दोनदा.

मेमो मी ठेवले नाहीत.

वरून विद्याधर: काय गं, थांबलीस का?
म्हटलं, लाइन बिझी आहे.
त्याला ऐकू गेलं नाही. बरंच झालं,
समजावून काय सांगितलं असतं.

चिठ्ठीवर खाली थोडी जागा होती.
निळ्या बॉलपेनने लिहिलं:
'आठवत नाही. ठेवते.'
या वेळी तारीख घातली.

संध्याकाळी शकीलचा टेम्पो आला.
वजनात जाण्यासारखं बरंच निघालं,
पिशव्या, मासिकं, पितळी नळ, ऋत्विजची कॅरमची फळी.
किल्ली त्याने हातात घेऊन पाहिली
आणि परत दिली, ताई, हिचं काय करू.

काडेपेटी मी वीजबिलांच्या खोक्यात सारली,
सत्त्याण्णवच्या मार्च आणि एप्रिलच्या मधे,
जिथे तो कधी बघणार नाही,
आणि टाकणार तर नाहीच नाही.