शाईचं काम

मला शाई दिली होती.
मतदान अधिकारी क्रमांक दोन. एरवी मी
तिसरी-चौथी, सरकारी मराठी शाळा, पट सतरा.

जांबोटीच्या वाटेवरचं गाव. शाळा परकी, खोली ओळखीची.
फळ्यावर कुणी पाढा अर्धा सोडलेला,
तेरा सक अठ्ठ्याहत्तर,
आणि दारावर कन्नडमध्ये : मतगट्टे चौदा.

यादी वाचायला हावेरीच्या हिरेमठ मॅडम.
"बरमा लुमन्ना गाडी."
कुणी उठेना.
"गाडी न्हवं वो मॅडम, घाडी," एजंट म्हणाला,
"गाडी भाईर लावलीया त्यानं."
मॅडम लाजल्या. पुढचे सगळे घाडी त्यांनी
छाती भरून वाचले, घ वर असा जोर देऊन
की पेंगणारा पोलीस दोनदा जागा झाला.

नऊला आठ टक्के. अकराला चोवीस.
भाकऱ्या उरकून बायका आल्या, मी बोटं धरत गेले :
हळदीची, शेणाची,
काजूच्या फॅक्टरीत आधीच काळी पडलेली,
जिथं माझी रेघ मलाच दिसेना.
उद्यमबागच्या फौंड्रीत मोनाप्पाची
डाव्या हाताची चार बोटं राहिलेली.
मी नियमाचं पुस्तक चाळू लागले.
"अंगठ्याला लावा की बाई," तो म्हणाला,
"खरं अंगठेबहाद्दर म्हणू नका. सही करतोय मी."
केली. वळणदार. शेवटी दोन टिंबं.

दुपारी कधीतरी कुगज्यांची म्हातारी आत गेली.
तिच्या दोन सुना समोरासमोर उभ्या,
थोरली शिलाई मशीन, धाकटी गॅस शेगडी.
पुठ्ठ्याच्या आडोशामागं फार वेळ.
मॅडमनी हाक दिली, "अज्जी, आयता?"
आतून उत्तर नाही.
शिक्का वाळावा म्हणून घातलेली फुंकर ऐकू आली,
थोड्या वेळानं आणखी एक.

तीनला साठ.
साडेचारला म्हापशाची पोरं टेम्पोतनं उतरली,
चोर्ल्यात दोन तास अडकलेली,
अंगाला हॉटेलातल्या फोडणीचा वास.
पाचला दार बंद. रांगेत आहेत त्यांना चिठ्ठ्या,
त्याही शेपटाकडून, एक नंबर सगळ्यात मागच्याला.
ते पोरगं चिठ्ठी नाचवत ओरडलं,
"जल्मात पैला नंबर आला बघ रे माझा!"

एक हजार बारापैकी आठशे सहासष्ट.
पंच्याऐंशी पूर्णांक सत्तावन्न.
पेट्यांना लाख लावताना साहेब शीळ घालत होते.

निकाल खानापुरात लागला. मला मॅडमनी
रात्री फोन करून सांगितला, त्यांच्या मराठीत, थांबत थांबत :
मशीन चारशे दोन.
शेगडी चारशे एक.
बॅटरी, ती कुणाची होती आठवतं का तुम्हाला, एकतीस.
आणि तिरस्कृत बत्तीस.
परत मोजले म्हणे. परत बत्तीसच.
त्यात एकावर दोन शिक्के होते,
दोन्ही नीट चौकटीत, एकही फाटा न फुटलेला.

मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडं त्याला बाद म्हणतात.
तिरस्कृत म्हणजे आमच्यात वेगळं होतं.
त्या म्हणाल्या, वेगळं म्हणजे कसं?
मला पटकन सांगता येईना.
कुगज्यांच्या अंगणात त्या रात्री
अर्ध्यावर गुलाल पडला असेल, अर्ध्यावर नसेल,
आणि म्हातारीची चूल नेमकी कुठल्या अर्ध्यात
ते मी विचारलं नव्हतं.

सोमवारी शाळा. माझा उजवा पंजा
मनगटापर्यंत जांभळा, साबणाला दाद न देणारा.
चौथीतली सातेरी रेघा मोजत बसली.
"बाई, तुम्ही किती डाव मत घातलासा?"
टपालाचा माझा कागद
वेळेत आलाच नव्हता.
माझ्या गावच्या टक्क्यात मी
न आलेल्यांत आहे.
"पाढा म्हण," मी म्हटलं. "तेराचा."
ती म्हणू लागली, आणि सकाशी येऊन
हाताकडं बघत थांबली.