पेटीतला पेंढा

मे महिन्यात फळबाजारात
सगळे आंब्याकडे बघतात.
मी खाली बघते.
देवगडची पेटी उघडली की हमाल आधी
मूठभर पेंढा उपसून मागे फेकतो,
तो माझा.

भाव नव्हता त्याला. काडीचाही नव्हता.
संध्याकाळी गाळ्यामागे ढीग लावून पेटवायचे,
तुर्भे स्टोअरला रात्रभर खोकला.
माझं नाव अंजिरा. बाजारात हसायचे,
फळाचं नाव लावून ही कचरा वेचते.
हसा.

आता पावणे एमआयडीसीतल्या शेडमध्ये
किलोला तीन रुपये.
सुतळ्या काढायच्या, ओला वेगळा, कुजका वेगळा,
साली, स्टिकर, वाकडे खिळे,
एकदा कुणाची तरी चांदीची बाळी.
ती इद्रिस मिस्त्रीने कपाटावर ठेवलीय,
अजून कुणी मागायला आलं नाही.
मग टाकणखाराचं पाणी. मग दाब.
वरून लोखंड, खालून लोखंड, मध्ये धग,
आणि चहा पिऊन होईतो बाहेर येते
दाराएवढी भाकरी.
इद्रिस तिला फळी म्हणतो.

आमच्याकडे नवराबायको सुटे होतात तेव्हा
पंच एक काडी मोडतात.
माझी मोडली बाभळीखाली.
आवाजसुद्धा झाला नाही, ओली असावी.
सासऱ्याने दोन्ही तुकडे चपलेने बाजूला सारले
आणि चहा मागवला.

एका फळीत काड्या किती,
मी मोजायला बसले होते एकदा, कापलेल्या कडेवरून.
चारशेपर्यंत गेले.
मग जेवणाची सुट्टी संपली.

कोपरा उडालेल्या फळ्या ओजस्विनी मॅडमनी
अर्ध्या भावात लावल्या. उरलेले पगारातून.
पत्रा उतरवला त्या दिवशी गल्ली जमली.
सरूबाई म्हणाली, शेळी येईल गं, घर खाऊन जाईल.
कुणी म्हणालं, आणि आगीचं?
इद्रिस काही बोलला नाही. गॅसची बत्ती लावली,
फळीवर धरली, तोंडातली विडी संपेपर्यंत धरली.
बशीएवढा काळा डाग.
मागच्या बाजूला माझा तळहात होता.
कोमट लागलं,
ताप उतरलेल्या पोरीच्या कपाळासारखं.
ती फळी मी मुद्दाम आत घेतलीय,
डाग शेगडीच्या वर.

खिळा धरत नाही ही भिंत.
स्क्रू लागतो, आणि सबुरी.
पावसाचं अजून मला माहीत नाही.
खाली चार थर विटा, वर हातभर वळचण,
मग कशाला भितेस, मिस्त्री म्हणतो.
भिते. पत्र्यातही भीत होते,
वर भाजत होते ते वेगळं.

रात्री बेलापूर रोडचे ट्रेलर
कुणीतरी लांब नेऊन ठेवल्यासारखे वाटतात.
भिंतीला कान असतात म्हणे.
हिला कणसं होती.
कुणाच्या तरी खाचरात वाकली,
झोडली गेली,
दाणा गेला त्याच्या वाटेने,
उरलं ते आंब्याला ऊब देत
कशेडीचा घाट उतरून इथवर आलं.
दुपारी तापली की अजून थोडा वास येतो.
पोर म्हणते, नाही येत.
तिचं नाक शाळेतलं आहे, माझं बाजारातलं.

दाराच्या कडेला एक काडी बाहेर राहिलीय,
तिथे गिलावा व्हायचाय.
येता-जाता पदराला लागते.
काल बोटांत धरली,
थोडी वाकवली.
सोडली.
उद्या मिस्त्री चुना घेऊन येईल.
त्याला सांगणार आहे,
एवढी जागा ठेव.