न झोंबणारी जागा

वाशीच्या पालिका रुग्णालयात, त्वचेच्या ओपीडीत,
गयाबाई सोनटक्के यायच्या आधी
खोलीत तिची मिरची आली.
मी तीनदा शिंकले.
"मसाला मार्केटला देठं खुडते," ती म्हणाली,
"एकोणीस वर्षं. रात्री हात चुलीत ठेवल्यागत असतात.
एवढाच तुकडा गप्प."

डाव्या मनगटाच्या वर, रुपयाहून मोठा,
फिकट, कोरडा चट्टा.
गजकर्णाचं मलम लावून झालेलं,
कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन झालेल्या.
तिला वाटायचं,
देवानं एवढी तरी जागा सुटीवर सोडली.

मी जेलचा थेंब ठेवला, डर्मोस्कोप टेकवला.
आधी चट्ट्याबाहेरची कातडी:
तपकिरी जाळी, सलग विणलेली,
आणि घराघरात पांढरे ठिपके,
राजगिऱ्याएवढी घामाची दारं.
मग जरा आत सरकले.
जाळी विरलेली. केस नाहीत.
मधे पिवळट-नारिंगी काहीतरी, चहा सांडून वाळल्यासारखं.
ठिपका एक.
बराच वेळ शोधल्यावर, दुसरा.
पुस्तकातल्या फोटोंवर बाण असतात.
जे नाही, त्याला बाण कुठून लावणार?

"मला बी दाखवा की."
मोबाइल लेन्सला जोडून मी पडदा तिच्याकडे वळवला.
पोत्यात हात घातल्यासारखी ती वाकली.
"इथं दाणे हायेत.
इथले कुणीतरी वेचून नेलेत."
मी अजून काहीच बोलले नव्हते.
"फटकी," ती म्हणाली,
रंग उडालेल्या मिरचीला म्हणतात तसं,
आणि बाजूला टाकायला बोटं जरा हललीसुद्धा.

डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक फिरवलं.
हो. हो. हो.
मग काहीच नाही.
बाहेर केसपेपरवाला नावं पुकारत होता.
कोपराच्या खोबणीत नस लागली,
सुतळीसारखी जाड.

चिमूटभर तुकडा तपासायला पाठवू, मी म्हणाले,
भिंग नुसतं बोट दाखवतं.
आणि तो शब्द घशात घोळवत राहिले.
"बाहेर पोस्टर वाचलंय मी," ती म्हणाली.
"मुकादमाला कळू देऊ नका.
अन् ताट वेगळं करू का?"
नाही. ताट नाही, अंथरूण नाही.
औषध फुकट आहे, रोज घ्यायचं,
पहिल्या दिवशी लघवी लाल होईल, घाबरायचं नाही.
"लाल?" तेव्हा कुठे हसली.
"मिरचीचीच आसंल."

चौथं पाकीट न्यायला आली तेव्हा
तीच जागा, तीच लेन्स.
ठिपके तीन. कदाचित मागच्या वेळी
एक माझ्याकडून सुटला असेल.
सुधारणा, असं लिहायला पेन धजेना.
"काल, वरच्या काठाला," तिनं हात पुढे केला,
"उगं जरासं झोंबलं."
रुग्णाच्या म्हणण्यानुसार, एवढं मी लिहिलं,
आणि शिंकले.