सहावा खण

आचारसंहिता उठली की ठाण्यातून परत आणते.
मालखान्यातला शिपाई रजिस्टरवर बोट ठेवून
दर खेपेला नव्यानं विचारतो,
"बाई, तुमच्याच नावावर?"
माझ्याच. कुमुद लोटन बोरसे, पारोळा.

यंदा नळीवर कुणाचा तरी अंगठा उमटलाय,
घामट, रेषारेषांनी गंजलेला.
आधी तो काढते.
राखेनं नाही, सँडपेपरनं तर नाहीच,
जुन्या लुगड्याच्या चिंधीनं, दमानं,
शिवणयंत्राचं तेल थेंबथेंब.
खाली अंथरलेला पेपर निकालाचा.

खटका दाबला की मान मोडून उघडतं.
बाहेर पंचेचाळीसचं ऊन,
आत बोटाएवढ्या सहा विहिरी, कोरड्या.
पाच आरशासारख्या. सहावी
आतून देवीच्या वणांची.
ब्रशची तार तिथं अडखळते,
जिभेला किडका दात सापडावा
तशी, दरवेळी.

आप्पा जमादार. इटलीच्या डोंगरात, खेचरांच्या कंपनीत.
हे त्यांच्यासोबत आलं. कसं, ते वहीत नाही.
दारूतला खार नळीत राहिला तर
रातोरात लोखंड खातो, म्हणून
"बार व्हयना का पह्यले उकयतं पानी, मंग तेल,"
हे मला पाढ्यांच्या आधी पाठ.
भाकरीला हात लावण्याआधी हत्यार पुसणारा माणूस.
त्यानं एकदा, एकच बार करून,
किती दिवस ते तसंच राहू दिलं असेल?

विचारलं होतं मी. दहावीत असेन.
ते भरताची वांगी भाजत होते, तुरकाट्यांवर.
एक उलटवलं.
"खेचरनं नाव शेवंती व्हतं," म्हणाले,
आणि गरम साल सोलत बसले,
फुंकर न मारता.

काडतुसं घरात नाहीत. कधीच नव्हती.
तरी चहाचं आधण उतरवण्याआधी
अर्धी वाटी उकळतं पाणी
सहाव्यातून ओतते.
ताटलीत पडतं ते स्वच्छच.
भाचा म्हणतो, मावशी, वाजलंय कुठं ते?
हो रे, म्हणते. पुसते. थेंब सोडते.
म्यानात ठेवायचं नाही, चामडं लोखंडाला बाधतं;
म्यानात माझ्या विणकामाच्या सुया.

पुढच्या महिन्यात जिल्हा परिषदेची लागणार म्हणतात.
या वेळी शिपायाला सांगून बघेन,
फडक्यानं धर बाबा.