मांडीवरचे प्रेक्षक

कासवाचा सिनेमा शुक्रवारी लागला.
पडदा चार, सकाळी नऊ चाळीस, एकच खेळ.
उरलेल्या तिन्ही पडद्यांवर तो मिशीवाला,
चौदा खेळ, मध्यरात्रीचा धरून.
त्याची कुऱ्हाड सरकत्या जिन्याच्या वर टांगली,
कासवाला जागा मिळाली स्वच्छतागृहाच्या वाटेवर.
अकरा तिकिटं गेली.
त्यातली दोन, मला वाटतं, एसीसाठी.

घणसोलीच्या या मॉलमध्ये नऊ वर्षं ड्युटी मॅनेजर आहे मी.
गल्ल्यावरून मला इतकं कळलंय :
मोठ्यांचा सिनेमा शुक्रवारी धावत सुटतो,
लहानांचा रविवारी उठतो,
दूध पितो, एक बूट शोधतो,
दुसरा सापडेपर्यंत ट्रेलर संपलेले असतात,
पण येतो तेव्हा चार माणसांना बोटाला धरून आणतो.
पोर एकटं येत नाही, साहेब.
विभागीय कार्यालयातल्या वैद्यांना हे
मी तीनदा मेलवर लिहिलंय.

शनिवारी अठ्ठावन्न.
रविवारी दोनशे बारा, म्हणजे भरलं.
घणसोली गावातून घरत वहिनी आल्या
आळीतली सात पोरं घेऊन, त्यांची स्वतःची त्यात दोन.
"आमचे पोरांना एकाच लायनीन बसव गो."
बसवलं. एक हात अपुरा पडला
तर झुबेरने मक्याचे डबे डोक्यावर नेले.

मग रबाळ्याच्या कारखान्याचा निळा शर्ट,
रात्रपाळी डोळ्यांत तशीच,
एक तिकीट, आणि हाताशी मुलगी.
"अडीच वर्षांची आहे," तो म्हणाला.
तिनं चार बोटं वर केली.
"चार. परवाच झाले. केक होता."
तो फरशीकडे बघत राहिला.
मी तिच्या बुटांकडे, टाचेला दिवे लागत होते.
झुबेर तिकीट फाडत म्हणाला,
"अडीचचीच वाटते, मॅडम."

अंधारात दाराशी उभं राहून मी डोकी मोजते,
ते माझं कामच आहे.
आसनं दोनशे बारा, तिकिटं दोनशे बारा,
डोकी दोनशे एकतीस.
कासव हमरस्त्यावर उतरलं तेव्हा
कुणीतरी ओरडलं, "ए, ट्रक येतोय!"
आणि मग सगळं थिएटर त्याला बाजूला घेऊ लागलं.
मांडीवरच्या एकोणीस जणांचा आवाज
सगळ्यात मोठा होता.
अहवालात त्यांना रकाना नाही.

सोमवारी तीन.
मंगळवारी फोन : "कासव काढा.
मिशीवाल्याला पंधरावा खेळ द्या."
म्हटलं, शुक्रवारी सहामाही संपतेय शाळांची.
"डेटात तसं काही दिसत नाही."
डेटाला सहामाही नसते, साहेब,
माझ्या घरी आहे, भूगोल राहिलाय त्याचा.
ते हसले. रविवारपर्यंत दिलं.

(माझा मुलगा आता कासवाला येत नाही.
पेपर संपल्या संध्याकाळी मित्रांबरोबर
कुऱ्हाड बघून आला, माझ्याच थिएटरात,
आणि मला ओळख दाखवली नाही.)

दुसऱ्या रविवारी एकशे चाळीस.
मिशीवाल्याचे मध्यरात्रीचे खेळ
तोवर बंद झाले होते, त्याबद्दल कुणाचा फोन नाही.
निळा शर्ट परत आला, या वेळी इस्त्री केलेला.
"दोन द्या," जरा मोठ्यानेच म्हणाला.
मुलीनं तिकीट झुबेरच्या नाकाशी धरलं :
"मला खुर्ची आहे."

आमच्या खुर्च्यांचं एक आहे,
हलक्या माणसाला त्या मिटून घेतात.
दोनदा तिचे गुडघे हनुवटीला लागले,
दोनदा बापानं खुर्ची हातानं दाबून धरली.
ट्रक यायच्या आधी मी डोकावले
तर ती त्याच्या मांडीवर होती,
तोंडात शर्टाची कॉलर,
शेवट माहीत असलेल्या माणसासारखी घाबरलेली.

रात्री अहवाल भरला.
पडदा चार, विक्री एकशे चाळीस.
ई-सात विकली गेली होती.
ई-सात मिटलेली होती,
तिच्या हाताच्या खाचेत पाण्याची बाटली,
गळ्यापर्यंत भरलेली.