पोट पडलेला निसणा

मंगळवार बाजारात, जुन्या लोखंडाच्या ढिगाशी
मल्लेशम उकिडवा बसून दगड नखानं वाजवायचा.
टण् म्हणाला तर ठेव.
थप् म्हणाला तर आत भेग आहे, वरून कितीही देखणा असो.
मग त्यावर बोटभर थुंकी.
जो ती लगेच पिऊन टाकेल तो भुकेला,
खांडे पडलेल्या पात्याला तोच.
ज्याच्यावर ती चमकत बसून राहील तो शेवटचा:
"त्याच्याकडं घाई घेऊन जायचं नाही, बे."
चाटूनच बघा की मग, म्हणाला दुकानदार.
मल्लेशमनं चाटला,
आणि दोन रुपये कमी करायला लावले.

तीन दगड त्याचे.
एक कुरुंदाचा, गुळासारखा तांबूस, खरखरीत.
एक करडा; कुठून आणला
ते दर वेळी वेगळं सांगायचा.
एक काळा, तळहाताएवढा,
भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेला.
त्याला तेलाचा थेंब लागू दिला नाही कधी.
"एकदा तेलाची चटक लागली
की पाण्याला तोंड लावत नाही हा.
आमच्या थोरल्यासारखा."

मी तेव्हा धोटे करायला शिकत होतो, शिसवाचे.
पटाशी घासताना तो माझ्याकडं बघायचाच नाही,
मागाला सूत लावल्यासारखा भिंतीकडं तोंड करून बसायचा.
कोन डोळ्यात नाही, मनगटात ठेव.
अंगठा धारेवर आडवा. उभा फिरवलास तर तुझा तू.
पाठीवर बोट ने: कुसळ लागतंय?
लागलं म्हणजे धार पलीकडं पोचली,
आता उलट, हलकं,
आणि शेवटी कातड्यावर, मागं ओढत.
कातडं म्हणजे बंद पडलेल्या गिरणीचा पट्टा,
वीतभर कापून फळीला ठोकलेला.

आता धोटे कोण मागतंय.
मी प्लायच्या ट्रॉल्या करतो,
प्लायमधला डिंक दुपारपर्यंत धार खातो.
मल्लेशमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू;
दाजी पेठेतून चालत येतो, स्टुलावर बसतो,
घासण्याचा आवाज ऐकून म्हणतो, टाच उचलली तू.
उचललेली असते.

मे महिन्यात पटाशी वाकडी यायला लागली.
चूक माझी नव्हती.
करड्या दगडाला पोट पडलं होतं,
तेही डावीकडं; मल्लेशम डावखुरा.
चाळीस वर्षं एकाच जागी
एक हात वाटी कोरत बसला होता.
त्याला न सांगता मी दगड पालथा घातला
दारातल्या शहाबादीवर,
सीनेची वाळू, तांब्याभर पाणी,
आणि गोल गोल घासत राहिलो.
आवाज वेगळा होता. लपणार कसा?
तो काही बोलला नाही.
राखेच्या रंगाचा चिखल पायरीवरून उतरून
त्याच्या चपलेपर्यंत गेला.
त्यानं वाकून बोटावर घेतला, चोळला.
"हा माझाच," म्हणाला. "थांबू नकोस. कडा राहिल्या असतील."
राहिल्या होत्या.

संध्याकाळी पोशव्वा कात्री घेऊन आली,
विड्यांची, नाक मोडलेली.
कात्रीची आतली बाजू दगडाला दाखवायची नसते;
फक्त बाहेरची, तिरकी, तीही एकाच दिशेनं.
सपाट झालेल्या दगडावर मी ती पहिल्यांदा घासली.
तिनं टेंभुर्णीचं पान काढलं, पत्र्याचा फर्मा ठेवला,
कापलं. आवाजच आला नाही.
मल्लेशमनं मान वळवली: कापलं का?

दुसऱ्या दिवशी ती परत आली,
करंगळीला चिंधी.
हजार पुऱ्या झाल्या दिवेलागणीच्या आत, म्हणाली,
पण जरा कमी कर बाबा,
माझ्या बोटांना बोथटाची सवय आहे.

मल्लेशम इतका हसला की स्टूल करकरलं.
मी कात्री उलटी धरली
आणि पायरीच्या कडेवरून
एकदा, अगदी हलकी,
ओढली.