फरशीवर अकरा फोटो

स्टुडिओचं शटर अर्धं ओढून घेतलं,
शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं पुसली
आणि वाळेपर्यंत थांबलो.
मग मांडले एकेक, डावीकडून उजवीकडं:
मलप्रभेच्या पायरीवर वाळत घातलेलं लुगडं, चारी कोपऱ्यांना दगड;
विहिरीच्या काठाला दोरानं पाडलेल्या खाचा;
खानापूर स्टेशनचा बाक, गाडी निघून गेल्यानंतरचा;
बस्तीतल्या खांबावरून उतरलेला तेलाचा ओघळ.

चेहरा एकातही नाही.
तीस वर्षं चेहरेच काढले, पासपोर्टचे,
हनुवटी खाली, हलू नका, झालं.
चेहरा आला की बघणारा तिथंच थांबतो,
पुढच्या फोटोकडं जात नाही.
आणि मला पाहिजे होतं ते
दोन फोटोंच्या मधल्या चार बोटं फरशीत.
लुगड्याचा काळा काठ संपतो
तिथूनच विहिरीची खाच खोल व्हायला हवी.
एक जरा उजळ छापला तर शेजारचा गप्प होतो.
सातवा तीनदा छापला.

मागं पेन्सिलीनं आकडे, काही मराठी, काही कानडी.
मालनच्या हातचे.
हुक्केरीची ती, शाळा कानडी, भांडण मराठीत.
तिचा तीन मला कधी लागलाच नाही;
शून्य तेवढं दोघांचं सारखं.

अकरावा तिचा हात.
निगेटिव्हवर टेकवलेली रिटचिंगची पेन्सिल, नखात शिसं.
याच्यापुढं काही येत नाही, असं ठरवूनच
भिंतीला लावून ठेवला होता.

ईरव्वा कुंबार पेन्शनच्या अर्जाला फोटो पाहिजे म्हणून आली,
शटरखालून वाकून.
चपला बाहेर काढल्या. मी काही म्हणालो नव्हतो.
ओळीच्या कडेकडेनं चालत गेली
आणि फुटक्या मडक्यापाशी उकिडवी बसली.
नववा तो. आठवा, चाकावरली ओली माती.
"उलटं लावूलाल्यासा की ओ," म्हणाली.
"मडकं फुटतंय, खापरी कुटायची, चाळायची,
मातीत मिसळायची. न्हाईतर नवं भट्टीत तडकतंय.
मण्णु आमेले."
आणि न विचारता, फक्त कडांना धरून
(हे तिला कुणी शिकवलं?)
मडकं उचलून मातीच्या आधी ठेवलं.

एक सरकला की सगळेच सरकतात.
बाक आधी गेला, तेल बाकाच्या मागं,
विहीर दोनदा फिरून परत आपल्या जागी.
हात भिंतीशी राहीना.
तो आता खापरी आणि माती यांच्या मधे आहे,
पेन्सिल टेकवलेली, काम चालू.
शेवटी आलंय लुगडं.
दगड तीनच आहेत.
चौथा कोपरा सुटून वर उचललाय,
काढला मी, छापला मी, आणि आज दिसला.

ईरव्वाचा फोटो राहिलाच.
उद्या ये म्हणालो,
आज फरशी मोकळी नाही.